मुंबईहून पाठवलेला एक नकार : चित्रकार वेरेश्चागिनची भ्रमंती

दरवर्षी १८५७च्या उठावाच्या आठवणी निघू लागल्या की एक चित्र हटकून समोर येते. तोफांची लांबच लांब रांग, प्रत्येक तोफेच्या तोंडाला पाठ टेकवून बांधलेला एकेक माणूस, सर्वांत पुढे दाढीवाला वृद्ध, आणि बाजूला निर्विकारपणे उभे असलेले गोरे शिपाई. चित्राखाली चित्रकाराचे नाव बहुधा नसते, आणि पुष्कळदा ते उठावाच्या वेळी प्रत्यक्ष पाहून काढले आहे असेही बिनदिक्कत सांगितलेले असते. वास्तविक ते साधारण १८८४च्या सुमाराचे आहे. ते रंगवणारा वासिली वासिल्येविच वेरेश्चागिन हा रशियन चित्रकार उठावाच्या साली अवघ्या चौदा वर्षांचा होता आणि सेंट पीटर्सबर्गच्या नौदल विद्यालयात शिकत होता. या एका चित्रापलीकडे त्याची आपल्याकडे फारशी ओळख नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण एकोणिसाव्या शतकात त्याच्याइतका हिंडलेला आणि भारतात इतक्या दूरवर पोहोचलेला दुसरा युरोपीय चित्रकार दाखवणे कठीण आहे.

वेरेश्चागिनचा जन्म ऑक्टोबर १८४२मध्ये रशियाच्या वायव्य भागातील चेरेपोवेत्स या गावी एका जमीनदार कुटुंबात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाने सैन्यात किंवा आरमारात जावे असे घरात ठरून गेलेले होते. वयाच्या आठव्या वर्षी त्याला लष्करी शाळेत घातले गेले, पुढे नौदल विद्यालयात तो वर्गात पहिला आला, आणि १८६०मध्ये शिक्षण पूर्ण होताच त्याने आरमार सोडून चित्रकलेच्या अकादमीत नाव घातले. वडिलांना हे मुळीच रुचले नाही. अकादमीतही तो फार काळ रमला नाही. ओडिसियस घरी परतून पत्नीच्या मागे लागलेल्या पुरुषांचा वध करतो, या ग्रीक प्रसंगावरील चित्रासाठी त्याला रौप्यपदक मिळाले, पण ज्या माणसांना आपण कधी पाहिलेले नाही त्यांची चित्रे काढत बसणे त्याला निरर्थक वाटू लागले आणि त्याने त्या विषयावरचे आपले मोठे आरेखन जाळून टाकले. त्यानंतर तो कॉकेशसमध्ये गेला, पॅरिसमध्ये जेरोम या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली शिकला, आणि तेथेही गुरूने सांगितलेल्या जुन्या कलाकृतींच्या नकला करण्याचे टाळून पुन्हा कॉकेशसच्या वाटेला लागला. स्वतः पाहिल्याशिवाय काढायचे नाही, हा त्याचा हट्ट येथून पुढे आयुष्यभर टिकला, आणि त्याच्या मृत्यूचे कारणही शेवटी तोच ठरला.

हा हट्ट पुरवायचा तर सत्तेच्या वाहनात बसण्यावाचून गत्यंतर नव्हते, ही त्याच्या आयुष्यातील खरी गोम आहे. १८६७मध्ये रशियन साम्राज्य मध्य आशियात पाय पसरत असताना तेथला गव्हर्नर जनरल कॉफमन याच्या दिमतीला एक चित्रकार हवा होता, आणि वेरेश्चागिनने ती संधी साधली. पुढच्या वर्षी समरकंद रशियनांच्या हाती पडले. मुख्य सैन्य बुखाऱ्याच्या अमिराचा पाठलाग करत पुढे गेल्यावर मागे किल्ल्यात राहिलेल्या काहीशे शिपायांना प्रचंड मोठ्या जमावाने वेढा घातला. वेरेश्चागिन त्या किल्ल्यात होता. पडलेल्या एका शिपायाची बंदूक उचलून तो तटावर लढला, आणि या पराक्रमाबद्दल त्याला सेंट जॉर्जचा क्रॉस मिळाला. पुढे त्याने अनेक मानमरातब झुगारले, पण हा क्रॉस मात्र तो अभिमानाने बाळगत असे. युद्धाचा निषेध करणारा चित्रकार म्हणून त्याची जी प्रतिमा आज उभी केली जाते, तिच्यात ही गोष्ट सहसा बसवली जात नाही. मला ती महत्त्वाची वाटते. तो बघ्या नव्हता, त्याने माणसे मारली होती, आणि त्याच्या चित्रांतील प्रेते त्याला त्या जवळिकीतून ठाऊक होती.

या प्रवासांतून तुर्कस्तान मालिका जन्माला आली; तुर्कस्तान म्हणजे येथे मध्य आशियाचा हाच मुलूख. ती त्याने म्युनिकमध्ये राहून रंगवली. समरकंदच्या चौकात खांबांवर टांगलेली रशियन शिपायांची मुंडकी आणि त्यांच्याभोवती जमलेला गर्दीचा उत्सव, अफूबाज, गुलाम म्हणून विकला जाणारा मुलगा, तैमूरच्या महालाच्या नक्षीदार दारापाशी उभे असलेले दोन पहारेकरी, असे तिचे विषय आहेत. आजचा वाचक यातील काही चित्रांकडे संशयाने पाहील आणि ते योग्यच आहे, कारण ‘इकडचे लोक क्रूर आणि मागासलेले, आम्ही त्यांना सुधारायला आलो’ हा साम्राज्याचा सूर त्यांत स्पष्ट ऐकू येतो. मात्र याच मालिकेत ‘युद्धाची महती’ हे १८७१चे चित्रही आहे. त्यात उजाड माळावर कवट्यांचा ढीग रचलेला आहे, त्यावर कावळे उतरत आहेत, मागे वठलेली झाडे आणि ओसाड नगर आहे. ही कल्पना तैमूर रचवीत असलेल्या मुंडक्यांच्या मनोऱ्यांवरून सुचली होती. परंतु चौकटीवर वेरेश्चागिनने जी अर्पणपत्रिका लिहवून घेतली, ती भूतकाळातील, वर्तमानातील आणि भविष्यातील सर्व थोर विजेत्यांना उद्देशून होती. ‘वर्तमानातील’ या एका शब्दाने चित्र तैमूरच्या काळातून उचलून थेट कॉफमनच्या दारात आणून ठेवले.

१८७४मध्ये सेंट पीटर्सबर्गला ही मालिका मांडली तेव्हा गर्दी उसळली आणि वादही पेटला. रणांगणावर एकट्या पडलेल्या रशियन शिपायाचे प्रेत, ज्यावर गिधाडे उतरू पाहत आहेत, असे ‘विस्मृत’ या नावाचे चित्र तेथे होते. आपल्या सैन्याने कधीही आपला माणूस असा मागे टाकलेला नाही, असा आक्षेप कॉफमनने घेतला, आणि संतापलेल्या वेरेश्चागिनने त्या चित्रासह आणखी दोन चित्रे स्वतःच्या हाताने जाळून टाकली. या जळालेल्या चित्रावर संगीतकार मुसोर्गस्कीने एक गीत रचले, त्यालाही सरकारने बंदी घातली. उरलेली मालिका अजिबात फोडायची नाही या अटीवर मॉस्कोचा संग्राहक त्रेत्याकोव याने ९२ हजार रूबलला विकत घेतली. प्रदर्शन संपण्याचीही वाट न पाहता वेरेश्चागिन पत्नी एलिझाबेथसह भारताच्या दिशेने निघून गेला होता.

त्याच्या पाठीमागे अकादमीने त्याला प्राध्यापक ही पदवी बहाल केली. ही बातमी त्याला मुंबईत कळली. ऑगस्ट १८७४मध्ये, म्हणजे येथे ऐन पावसाळा चालू असताना, त्याने मुंबईहून दोनचार ओळींचे एक पत्र रशियन वृत्तपत्राला पाठवले. कलेच्या क्षेत्रातील सर्व पदव्या आणि मानचिन्हे मी निःसंशय घातक मानतो, सबब ही पदवी मी साफ नाकारतो, एवढाच त्याचा आशय होता, आणि खाली नाव, गाव, तारीख. रशियात या पत्राने खळबळ माजली. एका ज्येष्ठ अकादमीवाल्याने तर चिडून असा आरोप छापला की तुर्कस्तान मालिका या माणसाने एकट्याने काढलेलीच नाही, म्युनिकमध्ये भाड्याची माणसे बसवून रंगवून घेतली आहे. यावर म्युनिकच्या चित्रकार मंडळाने चौकशी करून तो आरोप खोडून काढला. मुंबईच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी या पत्राची आठवण ठेवायला हरकत नाही.

मुंबईत त्याने आणखीही काही केले. अग्निपूजक पारशी धर्मगुरूचे त्याने येथे काढलेले अभ्यासचित्र आज मॉस्कोत आहे. तेथून पुढे दोन वर्षांत तो आग्रा, दिल्ली, जयपूर, सिक्कीम, काश्मीर आणि लडाख एवढा मुलूख फिरला. रशियाने सहा वर्षांपूर्वी समरकंद आणि आदल्याच वर्षी खीवा घेतले होते, त्यामुळे वहीत डोंगर, वाटा आणि किल्ले टिपत हिंडणारा हा माजी नौदल अधिकारी हेर असणार, असा इंग्रजांचा ग्रह झाला आणि त्याच्यावर पाळत राहिली. त्याचा त्याला उपद्रव झाला असेल, पण मला वाटते त्यामुळेच त्याचे भारतातील काम वेगळे उतरले. येथे त्याच्यामागे कोणतेही सैन्य नव्हते, कोणी सेनापती त्याला घोडा आणि तंबू पुरवत नव्हता, आणि कोणाच्या विजयाची नोंद ठेवायची जबाबदारीही त्याच्यावर नव्हती.

जानेवारी १८७५मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात जाणकार माणूस तिकडे फिरकणार नाही अशा वेळी, तो आणि एलिझाबेथ दार्जिलिंगहून कांचनगंगेच्या बाजूला चढू लागले. हमाल मागे राहिले, बर्फ पडू लागले, शिधा त्यांच्यापर्यंत पोहोचेना, आणि उपाशीपोटी, सुजलेल्या चेहऱ्याने दोघे कसेबसे परतले. या प्रवासाची हकीकत पुढे पतीपत्नींच्या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. तेथून सिक्कीमच्या मठांत जाऊन त्याने लामा, त्यांचे मुखवटे आणि मठांची दारे रंगवली, आणि उन्हाळ्यात काश्मीरहून लडाखच्या वाटेवरील हिमनदीचे चित्र काढले. या हिमालयीन चित्रांत बर्फाच्या सावलीतली निळाई आणि त्या उंचीवरच्या हवेतला कोरडा, कडक प्रकाश असा उतरला आहे की नंतरच्या कित्येक हिमालय-चित्रकारांची काव्यमय धुकी त्यापुढे लटकी वाटावीत.

त्याचे ताजमहालाचे चित्रही असेच आहे. ते आकाराने लहान आहे. मुख्य दारासमोरची ठरावीक जागा सोडून त्याने तो यमुनेच्या बाजूने पाहिला आहे. संगमरवराचे पांढरेपण पांढऱ्या रंगाने न दाखवता आकाशाच्या आणि पाण्याच्या निळ्याशी त्याचा मेळ घालून दाखवले आहे, आणि तळाशी त्याचे प्रतिबिंब सोडले आहे. ताजमहालाचे चित्र म्हटले की जो गोडवा आपोआप येतो, तो येथे औषधालाही सापडत नाही. १८८०मध्ये सेंट पीटर्सबर्गला या भारतीय अभ्यासचित्रांचा लिलाव झाला आणि त्यांतील पुष्कळ त्रेत्याकोवनेच घेतली.

याउलट कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमधील त्याचा प्रचंड कॅनव्हास मला निराश करून गेला, हे कबूल केले पाहिजे. १८७५-७६च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आले, जयपूरला महाराजांसह सजवलेल्या हत्तीवरून त्यांची मिरवणूक निघाली, आणि वेरेश्चागिनने पॅरिसजवळच्या आपल्या चित्रशाळेत ती भिंतभर रंगवली. हत्तींच्या झुली, अंबाऱ्या, गुलाबी इमारती, सगळे काही जागच्या जागी आहे, आणि तरीही समोर उभे राहिल्यावर दिसतो तो मुख्यतः कापडाचा व्यापार. इंग्रजांनी भारत कसा बळकावला याची एक मोठी चित्रमालिका त्याच्या मनात होती आणि ही मिरवणूक तिच्या शेवटी यायची होती. ही योजना ठाऊक असली की चित्राकडे पाहण्याची नजर थोडी बदलते, पण केवळ थोडीच, कारण मधले दुवे त्याने रंगवलेच नाहीत. १८७७मध्ये रशिया आणि ऑटोमन तुर्क यांच्यात युद्ध सुरू झाले आणि तो हातातले काम टाकून आघाडीवर धावला.

त्या युद्धाने त्याला पुरते बदलले. डॅन्यूब नदीवर एका लहानशा टॉर्पेडो होडीतून तुर्की जहाजावर हल्ला करायला जाणाऱ्या तुकडीत तो हौसेने सामील झाला, मांडीत गोळी लागली, आणि बुखारेस्टच्या रुग्णालयात त्याला बराच काळ खितपत पडावे लागले. बरा होऊन तो बल्गेरियातील तुर्कांच्या ताब्यातील प्लेव्ना या गावी पोहोचला, तोवर तेथला वेढा चिघळलेला होता. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ३० ऑगस्ट हा झार दुसरा अलेक्झांडर याचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण, आणि त्या दिवशी प्लेव्नावर तिसरा मोठा हल्ला चढवण्यात आला. तो फसला आणि हजारो माणसे मेली. वेरेश्चागिनचा भाऊ सेर्गेई त्याच दिवशी मारला गेला आणि दुसरा भाऊ अलेक्सांद्र जखमी झाला. नंतर काढलेल्या एका चित्रात झार टेकडीवर खुर्ची टाकून बसला आहे, मागे त्याचे सरदार उभे आहेत, आणि युद्ध म्हणजे दूर क्षितिजावरचा पांढुरका धूर एवढेच दिसते. झारची खुर्ची आणि धुरातली माणसे यांच्यातले अंतर हाच चित्राचा विषय आहे. सेर्गेईचा तेथे कोठेही उल्लेख नाही.

या मालिकेतील ‘शिप्का येथे सर्व शांत’ हे तीन भागांचे चित्र मला सर्वांत पुढचे वाटते. खिंडीत पहाऱ्यावर उभा असलेला शिपाई पहिल्या भागात बर्फात गुडघ्यापर्यंत बुडाला आहे, दुसऱ्यात कमरेपर्यंत, आणि तिसऱ्यात बर्फाचा एक उंचवटा तेवढा उरला आहे. शीर्षकातील शब्द मुख्यालयाकडे जाणाऱ्या अधिकृत अहवालांतले आहेत. ‘पराभूत’ या दुसऱ्या चित्रात वाळलेल्या गवताने भरलेल्या माळावर पुरोहित आणि एक शिपाई असे दोघेच मृतांसाठी प्रार्थना करत उभे आहेत, आणि प्रथमदर्शनी रिकामा वाटणारा तो माळ उघड्या प्रेतांनी खच्चून भरलेला असल्याचे क्षणभराने ध्यानात येते.

वेरेश्चागिनने स्वतःइतकेच आपल्या चित्रांनाही फिरवले. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांत त्याने स्वतंत्र प्रदर्शने भरवली. दालनांत गालिचे, शस्त्रे आणि प्रवासात जमवलेल्या वस्तू मांडलेल्या असत, विजेचे दिवे लावलेले असत, आडून संगीत चालू असे, आणि सामान्य माणसाला यावेसे वाटावे म्हणून तिकिटाचा दर कमी ठेवलेला असे. व्हिएन्नामध्ये १८८१च्या प्रदर्शनाला एक लाखाहून अधिक लोक आले. बर्लिनमध्ये सेनापती मोल्टके स्वतः येऊन गेला आणि नंतर सैनिकांना तेथे जाण्यास मनाई झाली. ही सजावट सवंग आहे असे तेव्हाच्या कलासमीक्षकांचे मत होते. त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही, कारण त्याच्यात एक पक्का तंबूवाला दडलेला होता, पण शिपायांना दार बंद करावे लागले यावरून चित्रांचा मारा योग्य जागी बसत होता एवढे नक्की.

१८८२-८३मध्ये तो पुन्हा भारतात आला, आणि त्यानंतर मृत्युदंडावरील तीन चित्रांचा संच त्याने पूर्ण केला. रोमनांनी दिलेले क्रूसावरचे मरण, रशियात क्रांतिकारकांना दिलेली फाशी, आणि इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेले हिंदी लोक. तीन साम्राज्ये त्याने एका ओळीत उभी केली आणि त्यांत स्वतःचे गाळले नाही, ही गोष्ट हे चित्र एकटे पाहणाऱ्याला कळत नाही. इंग्रज प्रेक्षकांचा आक्षेप असा की हे १८५७च्या अपवादात्मक काळात घडले असेल, मात्र चित्रातील शिपायांचे गणवेश तर अलीकडचे आहेत. वेरेश्चागिनचे म्हणणे होते की उद्या पुन्हा उठाव झाला तर इंग्रज पुन्हा हेच करतील. वस्तुस्थिती त्याच्या बाजूने होती. जानेवारी १८७२मध्ये पंजाबातील मालेरकोटला येथे साठाहून अधिक कूका, म्हणजे नामधारी शीख, दोन दिवसांत तोफांनी उडवले गेले होते, आणि त्यांच्यावर धड खटलाही चालवलेला नव्हता. ही शिक्षा इंग्रजांनी शोधून काढलेली नव्हती, मोगलाईत आणि पेशवाईतही ती दिली जाई, हे आपण विसरू नये. मुंबईतही १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना अशाच रीतीने मारण्यात आले. मूळ चित्र अमेरिकेतील लिलावानंतर नाहीसे झाले असून आपण पाहतो ती सर्व छायाचित्रांवरून केलेली पुनर्मुद्रणे आहेत.

पॅलेस्टाइनच्या प्रवासानंतर त्याने येशूला साध्यासुध्या ज्यू कुटुंबातील मुलगा म्हणून दाखवले, तेव्हा व्हिएन्नाच्या कार्डिनलने निषेध केला आणि एका भिक्षूने चित्रांवर आम्ल फेकले. अमेरिकेत १८९१मध्ये शंभराहून अधिक चित्रे लिलावात विकली गेली. संसारही बदलला. प्रदर्शनात पियानो वाजवण्यासाठी मॉस्कोहून आलेल्या लिदिया आंद्रेयेव्स्काया या तरुणीशी त्याने दुसरे लग्न केले आणि मॉस्कोबाहेर घर बांधून तो स्थिरावला. तेथे नेपोलियनच्या १८१२मधील स्वारीवर त्याने वर्षानुवर्षे काम केले. ही चित्रे अभ्यासपूर्ण आहेत, पण मला ती जड वाटतात, बहुधा यासाठी की येथे त्याला न पाहिलेले रंगवावे लागले. १९०२मध्ये झारने ही मालिका एक लाख रूबलला घेतली, तोवर चित्रकार फिलिपिन्स आणि क्यूबा येथे अमेरिकनांची युद्धभूमी पाहून आलेला होता.

१९०३मध्ये, साठी उलटल्यावर, तो जपानला गेला. निक्कोची देवळे, लाल कोरीव दारे, भिक्षू, किमोनो घातलेल्या स्त्रिया अशी हलक्या हाताने काढलेली ताजी चित्रे त्याने तेथे केली, आणि युद्धाची लक्षणे दिसू लागताच तो मायदेशी परतला. काही महिन्यांत ज्या देशाची देवळे त्याने रंगवली होती त्याच देशाविरुद्ध लढणाऱ्या रशियन आरमारात, चीनच्या किनाऱ्यावरील पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळावर, तो दाखल झाला. आरमारप्रमुख मकारोव याच्या ‘पेत्रोपावलोव्स्क’ या जहाजावर तो होता. १३ एप्रिल १९०४ रोजी ते जहाज जपानी सुरुंगावर आदळले आणि काही मिनिटांत बुडाले. मकारोव, वेरेश्चागिन आणि सहाशेहून अधिक खलाशी मेले. स्फोटापूर्वी तो डेकवर रेखाटनवही घेऊन उभा होता, असे वाचलेल्यांनी सांगितले.

युद्ध चालू असतानाही जपानमधील समाजवादी पत्र ‘हेइमिन शिंबुन’ने शत्रुपक्षातील या चित्रकारावर आदराने मृत्युलेख छापला. मकारोवचे जन्मगाव मिकोलाइव्ह, जे आज युक्रेनमध्ये आहे, तेथे १९१४मध्ये वेरेश्चागिनच्या नावाने कलासंग्रहालय उघडण्यात आले. २०२२पासून त्या शहराने रशियन तोफांचा मारा सोसलेला आहे.